छोट्या डिस्टिलऱ्यांची संघटना नेमकी कोणाची?

१७९१ साली अमेरिकेच्या नव्या सरकारनं देशात गाळलेल्या दारूवर कर बसवला. कल्पना अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनची. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं, पैसा उभा करायचा होता, तेव्हा कर लावण्यात गैर काही नव्हतं. त्याची आखणी मात्र पाहण्यासारखी होती. मोठ्या डिस्टिलरीला भट्टीच्या क्षमतेनुसार वर्षाचा ठोक कर भरण्याची वाट मोकळी होती. म्हणजे भट्टी जितकी जास्त चालेल तितका गॅलनमागचा कर कमी. पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी उरलेल्या राय या धान्याची जमेल तेवढी व्हिस्की गाळायचा, कारण डोंगर ओलांडून धान्याची पोती नेण्यापेक्षा पिंपं नेणं परवडायचं. त्याच्या वाट्याला गॅलनमागे साधारण नऊ सेंट यायचे, मोठ्याच्या वाट्याला सहाच्या आसपास. शिवाय कर रोख भरायचा होता, आणि त्या मुलखात रोकडीचाच दुष्काळ. तिथं व्हिस्की हेच चलन होतं. १७९४ पर्यंत प्रकरण बंदुकांवर गेलं आणि ते मोडायला जॉर्ज वॉशिंग्टननं जवळपास तेरा हजार शिपाई जमवले. १८०२ मध्ये कर रद्द झाला. (याच वॉशिंग्टननं राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर आपल्या माउंट व्हर्नन इथल्या मळ्यावर डिस्टिलरी काढली आणि १७९९ मध्ये जवळपास अकरा हजार गॅलन व्हिस्की गाळली. त्या काळच्या देशातल्या मोठ्या डिस्टिलऱ्यांत तिची गणना होत असे.)

त्या शेतकऱ्यांकडे संताप होता, हत्यारं होती. कायद्याचा मसुदा हातात घेऊन ‘हे कलम आम्हाला नऊ सेंटांना पडतं, त्याला सहाला’ असा हिशेब राजधानीत मांडणारी धंद्याची संघटना नव्हती. आज तशा संघटना आहेत. अमेरिकेत क्राफ्ट डिस्टिलऱ्यांची, म्हणजे छोट्या, स्वतंत्र मालकीच्या डिस्टिलऱ्यांची ‘अमेरिकन क्राफ्ट स्पिरिट्स असोसिएशन’ २०१३ पासून आहे. तिच्याही दहा वर्षं आधी बिल ओवेन्स या छायाचित्रकारानं ‘अमेरिकन डिस्टिलिंग इन्स्टिट्यूट’ सुरू केली होती. एकाच धंद्यातली माणसं एकत्र जमली की गिऱ्हाइकानं खिसा सांभाळावा, हा संशय जुना आहे आणि तो निराधार नाही. त्यात धंदा दारूचा. तेव्हा अशा संघटनेला बाकीच्या समाजानं सहानुभूती का दाखवावी, हा प्रश्न रास्तच आहे.

माझं मत असं की छोट्यांना संघटना हवी, आणि ती बळकट हवी. पण सरकारकडून तिनं काय मिळवलं यावर मी तिचं मोल करणार नाही. आपल्याच सदस्यांना ती काय नाकारते आणि मोठ्या कंपन्यांपासून कुठे वेगळी उभी राहते, ते मी पाहीन.

छोट्यांची अडचण आधी समजून घेऊ, कारण ती नुसत्या भांडवलाची नाही. दारू गाळण्याचा धंदा आकारानं लहान करता येतो, वेळेनं लहान करता येत नाही. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर दारू ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहिली पाहिजे. अमेरिकेत ‘स्ट्रेट’ व्हिस्की म्हणायला किमान दोन. धान्याचे, लाकडाचे, पगाराचे पैसे आज जातात आणि मालाचे पैसे काही वर्षांनी येतात. मधल्या काळात पिंपातली दारू उडतही असते. स्कॉटलंडच्या थंड हवेत वर्षाला दोनेक टक्के, केंटकीच्या उन्हाळ्यात त्याहून बरीच जास्त. बँकेला तारण म्हणून दाखवायचा माल दर वर्षी कमी होतो आणि त्याच वेळी त्याची किंमत वाढते. हे गणित सगळ्याच बँकांना पटतं असं नाही. म्हणून नवी डिस्टिलरी बहुधा पहिल्या वर्षी जिन किंवा व्होडका विकते. या दारूला मुरवत ठेवावं लागत नाही, गाळली की बाटलीत भरता येते. व्हिस्कीचं स्वप्न मागे गोदामात पडून असतं आणि पुढचं दुकान जिनवर चालतं.

त्यात काही खर्च असे, की ते आकार बघत नाहीत. परवान्याची कागदपत्रं, लेबलाची मंजुरी, प्रयोगशाळेतली तपासणी, आगीपासूनचा बंदोबस्त हे सगळं पाच हजार बाटल्या भरणाऱ्यालाही करावं लागतं आणि पन्नास लाख भरणाऱ्यालाही. इथे छोट्यांच्या बाजूनं बोलणारे लोक सरसकट ‘नियम शिथिल करा’ म्हणतात, ते मला मान्य नाही. चाळीस टक्के अल्कोहोलच्या साध्या दारूची वाफसुद्धा साधारण २६ अंशांना पेट घेऊ शकते. भट्टीतून निघणारी दारू तर त्याहून कितीतरी कडक असते. भट्टीतून सुरुवातीला येणारी धार आणि शेवटची धार बाजूला काढून मधलीच ठेवायची असते, कारण पहिलीत नको ती हलकी रसायनं असतात आणि शेवटचीत जड, वासट तेलं. हे ज्याला नीट येत नाही, त्याच्या बाटलीला ‘हातानं बनवलेली’ म्हणून सूट देता येत नाही. वाफेचा स्फोट डिस्टिलरी छोटी आहे की मोठी हे विचारत नाही.

मग शिथिल काय करायचं? कर गोळा करणाऱ्याच्या सोयीसाठी जे नियम झाले, ते. इतिहासात छोट्यांना सगळ्यात जास्त त्यांनीच मारलं. स्कॉटलंडमध्ये १८१४ साली डोंगराळ भागात ५०० गॅलनपेक्षा लहान भट्टीला कायद्यानं बंदी घातली गेली. उद्देश साधा होता: थोड्या आणि मोठ्या भट्ट्या असल्या की अधिकाऱ्याला पहारा ठेवणं सोपं. झालं असं की त्या मुलखात कायदेशीर छोटी भट्टी राहिलीच नाही आणि चोरटी व्हिस्की उदंड झाली. दोनच वर्षांत ती मर्यादा ४० गॅलनवर आणावी लागली. पुढे १८२३ च्या कायद्यानं दहा पौंडांत परवाना दिला, कर उतरवला आणि लोक चोरवाटा सोडून कचेरीत येऊ लागले. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं १८२४ मध्ये परवाना घेतला तेव्हा शेजारच्या चोरट्या गाळणाऱ्यांनी त्याला डिस्टिलरी जाळण्याच्या धमक्या दिल्या, आणि त्याला कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरावं लागलं, अशी हकीकत आहे. तो आज जगप्रसिद्ध आहे. त्या शेजाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

लंडनची गोष्ट तर अगदी अलीकडची. तिथं १८०० लिटरपेक्षा लहान भट्टीला परवाना द्यायचा नाही, असा महसूल खात्याचा रिवाज होता. ‘सिपस्मिथ’ नावाच्या छोट्या जिन डिस्टिलरीला जेमतेम ३०० लिटरच्या तांब्याच्या भट्टीसाठी झगडावं लागलं आणि २००९ मध्ये परवाना मिळाला. त्यानंतर ब्रिटनभर छोट्या जिन डिस्टिलऱ्यांचं पेव फुटलं. एकाच्या झगड्यानं अनेकांना वाट मिळाली. प्रत्येकानं स्वतंत्र वकील लावून ही लढाई लढायची म्हटलं, तर ती फक्त पैसेवालाच लढेल, आणि त्याला मग छोटा म्हणण्यात अर्थ नाही. संघटना हवी ती यासाठी.

संघटना झटपट काय करू शकते याचं एक चांगलं उदाहरण २०२० चं. करोनाच्या सुरुवातीला अमेरिकेत हात धुण्याचं सॅनिटायझर मिळेना, तेव्हा शेकडो डिस्टिलऱ्यांनी दारूचं काम बाजूला ठेवून ते बनवलं. कित्येकांनी दवाखान्यांना आणि पोलिसांना फुकट वाटलं. वर्ष संपता संपता औषध प्रशासनानं जाहीर केलं की सॅनिटायझर बनवणारे म्हणजे औषध बनवणारे, तेव्हा प्रत्येक कारखान्यानं १४,०६० डॉलर शुल्क भरावं. कायद्याच्या अक्षरात ते बसतही होतं. ज्या डिस्टिलरीनं मार्च ते मे फुकट सॅनिटायझर वाटलं तिला डिसेंबरात हे बिल! छोट्यांची संघटना आणि मोठ्या कंपन्यांची संघटना दोघींनी आरडाओरडा केला आणि ३१ डिसेंबरला आरोग्य खात्यानं तो आदेश मागे घेतला. दोन-तीन दिवसांत. एकट्या मालकाचं पत्र तोवर टपाल विभागातल्या टेबलावरच असतं.

आता करसवलतीकडे येऊ. तिथं चित्र इतकं सरळ नाही.

अमेरिकेचा केंद्रीय अबकारी कर वर्षानुवर्षं प्रूफ गॅलनमागे साडेतेरा डॉलर होता. प्रूफ गॅलन म्हणजे निम्मं अल्कोहोल असलेला एक गॅलन. डिसेंबर २०१७ च्या कायद्यानं वर्षाच्या पहिल्या एक लाख प्रूफ गॅलनांपुरता हा दर दोन डॉलर सत्तर सेंटांवर आणला. सवलत आधी दोन वर्षांपुरती होती. २०१९ च्या अखेरीस ती संपत आली तेव्हा एकच वर्ष वाढवली गेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कायमची झाली. ज्याचा माल तयार व्हायला तीन वर्षं लागतात, त्यानं पुढच्या जानेवारीत कर पाचपट होईल की नाही या धाकात पिंपं भरायची होती. छोट्यांच्या संघटनेनं या कायद्यासाठी बरीच वर्षं घासली आणि तिचं ते सगळ्यात मोठं यश मानलं जातं. यश आहेच.

पण सवलत कुणाला मिळाली ते पाहा. पहिल्या एक लाख गॅलनांवरची सूट सगळ्यांना आहे, अगदी महाकाय कंपन्यांनाही. वर्षाला पाच हजार प्रूफ गॅलन विकणाऱ्या डिस्टिलरीचे यातून ५४,००० डॉलर वाचतात. त्यात दोन माणसांचे पगार निघतील. एक लाखाची मर्यादा ओलांडणाऱ्या प्रत्येक कंपनीचे दहा लाख ऐंशी हजार वाचतात. भाषणांत मात्र सगळीकडे छोटा डिस्टिलर. मोठे पाठीशी उभे राहिले नसते तर कायदा झालाच नसता, असं यावर उत्तर मिळतं, आणि ते बहुधा खरं आहे. राजकारणात सोबत कुणाची घ्यायची याचे सोवळे नियम नसतात. तरीही छोट्यांच्या संघटनेनं आपल्या सदस्यांना हा हिशेब स्वच्छ सांगायला हवा: पाच हजारवाल्याचा चेहरा वापरून दहा लाखांची सूट कुणी नेली. पुढच्या वेळी त्या चेहऱ्याचं भाडं मागता येईल.

दारूविरोधी मंडळी इथे म्हणतील की छोटी असो की मोठी, दारूवरचा कर कमी करणं हेच मुळात चूक. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ मध्येच अल्कोहोलला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. दारू कितीही कमी घेतली तरी ती निर्धोक म्हणता येत नाही, हे त्याच संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाल्याचा तिचा अंदाज आहे. ‘आमची दारू प्रेमानं बनवलेली असते’ हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. यकृताला प्रेम कळत नाही.

पण नेमकं इथेच छोट्यांचं हित मोठ्यांपासून वेगळं होतं, आणि बहुतेक छोट्या डिस्टिलरांना त्याची जाणीव नसते. दारूचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते स्वस्त आणि भरपूर मिळणाऱ्या दारूमुळे. छोट्याची बाटली स्वस्त असूच शकत नाही. स्कॉटलंडच्या संसदेनं २०१२ मध्ये दारूची किमान किंमत ठरवणारा कायदा केला, तेव्हा तिथल्या व्हिस्की उद्योगाच्या संघटनेनं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. खटला वरच्या वरच्या न्यायालयांतून फिरला, नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला आणि मे २०१८ मध्ये तो लागू झाला. पाच-सहा वर्षं गेली. दर एकमाला, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, ५० पेन्स होता. सातशे मिलिलिटरच्या चाळीस टक्क्यांच्या बाटलीत २८ एकमं असतात, म्हणजे अशी बाटली १४ पौंडांच्या खाली विकता येणार नव्हती. सप्टेंबर २०२४ पासून दर ६५ पेन्स झाला, बाटलीला १८ पौंड २० पेन्स. कुठल्या छोट्या डिस्टिलरीची बाटली या भावात मिळते? या कायद्यानं तिचं काहीच बिघडत नव्हतं. उलट तळाची स्वस्त बाटली थोडी महागली, तर दोघींच्या किमतींमधलं अंतर कमीच होतं. स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या मूल्यमापनानुसार, या कायद्यामुळे दारूशी थेट जोडलेले मृत्यू एरवी झाले असते त्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले.

छोट्यांच्या संघटनेनं अशा कायद्याला उघड पाठिंबा द्यावा, असं मला वाटतं. आरोग्याचा इशारा बाटलीवर छापायचा प्रश्न येतो तेव्हाही तिनं विरोधकांच्या रांगेत उभं राहू नये. ‘आमच्या सदस्यांना करात सूट द्या, कारण आमचा माल थोडा आणि महाग आहे, आणि स्वस्त दारूवर किमान किंमत लावा’ ही मागणी एका तोंडानं करता येते, तिच्यात विसंगती नाही. आणि ती केली तर करसवलतीच्या मागणीला असं वजन येईल, जे मोठ्यांच्या मागे उभं राहून कधीच येणार नाही. अडचण एवढीच की मग मोठ्यांची संघटना पुढच्या विधेयकाला सोबत येणार नाही. ही किंमत मोजायची तयारी आहे का, हा संघटनेच्या कण्याचा प्रश्न आहे.

यातून ‘छोटा कोण’ हा प्रश्न निघतो. अमेरिकन क्राफ्ट स्पिरिट्स असोसिएशनची मर्यादा वर्षाला साडेसात लाख प्रूफ गॅलनांखालची आहे. आकडा नुसता वाचला तर अंदाज येत नाही. चाळीस टक्क्यांच्या, साडेसातशे मिलिलिटरच्या बाटल्यांत रूपांतर केलं तर या जवळपास ४७ लाख बाटल्या होतात. रोज तेरा हजार. ज्या धंद्यात गॅरेजएवढ्या जागेतही भट्ट्या चालतात, तिथं हे माप फारच सैल आहे. मर्यादा अशी उंच का ठेवतात तेही कळतं: यशस्वी सदस्य हातचा जाऊ नये, वर्गणी जाऊ नये. बिअरच्या धंद्यात हे आधीच घडलं आहे. अमेरिकेतल्या छोट्या बिअर उत्पादकांच्या संघटनेची मर्यादा वीस लाख पिंपांची होती; तिचा सर्वांत नावाजलेला सदस्य वाढत वाढत त्या रेषेपाशी पोचला, तेव्हा संघटनेनं रेषाच साठ लाखांवर नेली. सदस्य छोटाच राहिला.

मालकीचा मुद्दा मला आकारापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेली सिपस्मिथ २०१६ मध्ये बीम सनटोरी या बड्या कंपनीनं घेतली. न्यूयॉर्क राज्यात शेतीला जोडलेल्या डिस्टिलऱ्यांसाठी २००७ चा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत टथिलटाउन ही डिस्टिलरी पुढे होती; तिची प्रसिद्ध व्हिस्की तीनच वर्षांत विल्यम ग्रँट अँड सन्सकडे गेली आणि पुढे २०१७ मध्ये डिस्टिलरीही. यात विकणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं पैसा अडकवल्यावर कुणी चांगला भाव दिला तर माणूस विकणारच. पण विक्रीच्या दुसऱ्या दिवशी त्या डिस्टिलरीचं मत संघटनेतून गेलं पाहिजे. भट्टी तीच, कामगार तेच, तांबं तेच, हे युक्तिवाद इथे लागू नाहीत. मतदान भट्टी करत नाही, मालक करतो. अमेरिकन क्राफ्ट स्पिरिट्स असोसिएशनच्या नियमांत मालकीचा किमान निम्मा हिस्सा डिस्टिलरी चालवणाऱ्याचा असावा अशी अट आहे, ती योग्यच आहे, आणि तिला अपवाद नसावा.

आता लेबलाबद्दल, कारण छोट्यांची खरी पत तिथं आहे आणि तिथंच ती सगळ्यात जास्त गेली.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग या गावी एमजीपी नावाच्या कंपनीची प्रचंड डिस्टिलरी आहे. ती दुसऱ्यांसाठी व्हिस्की गाळते. उत्तम गाळते, असं जाणकार म्हणतात. नव्या डिस्टिलऱ्यांनी आपली व्हिस्की पिंपात मुरेपर्यंत तिची व्हिस्की विकत घ्यायची, आपल्या बाटलीत भरायची, हा प्रकार धंद्यात सर्रास चालतो, आणि त्यात स्वतःहून काही वाईट नाही. वाईट तेव्हा होतं, जेव्हा बाटलीवर आजोबांची कृती, गावचा ओढा आणि दारूबंदीच्या काळातली दंतकथा छापली जाते आणि इंडियानाचा उल्लेख कुठे नसतो. आयोवा राज्यातल्या टेंपलटन राय या ब्रँडवर ग्राहकांनी याच कारणासाठी खटले भरले. २०१५ मध्ये तडजोड झाली, २००६ पासूनच्या गिऱ्हाइकांना परतावा द्यायचं ठरलं आणि लेबल बदलावं लागलं. व्हिस्की कुठल्या राज्यात गाळली ते लेबलवर लिहा, असा केंद्रीय नियम तेव्हाही होता. तो पाळला जातोय का, हे कुणी पाहत नव्हतं. याउलट युटा राज्यातल्या हाय वेस्टनं सुरुवातीपासून सांगितलं की आम्ही दुसऱ्यांच्या जुन्या व्हिस्क्या आणून त्यांचं मिश्रण करतो, आणि लोकांनी ती आनंदानं घेतली. खरं सांगून धंदा बुडत नाही, याचा याहून चांगला पुरावा नको.

‘हँडमेड’ या शब्दावरून बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीच्या, मोठ्या ब्रँडांवर झालेले काही दावे तर न्यायालयांनी फेटाळले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी दारू कुणी शब्दशः हातानं करत असेल असं समजदार गिऱ्हाईक धरून चालत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे कायदा इथे फार मदत करणार नाही. ज्याची खरोखर हातावर चालणारी भट्टी आहे, त्याच्या हातून तो शब्दच काढून घेतला गेला आहे. त्याला तो परत मिळवून देऊ शकेल असं कुणी असेल तर त्याचीच संघटना. सदस्यानं घटक काय, गाळली कुठे, मुरवली कुठे, बाटलीत भरली कुठे हे उघड सांगावं, असं संघटनेच्या व्याख्येत लिहिलेलं आहे. लिहिणं सोपं असतं. खोट्या लेबलाची तक्रार आली तर ती तपासणार कोण, निकाल नावानिशी जाहीर होणार का, सदस्यत्व जाणार का? स्कॉच व्हिस्कीत ही तपासणी उद्योगाच्या हाती ठेवलेलीच नाही; २०१४ पासून ब्रिटनचं महसूल खातं ती करतं आणि तिचं शुल्क उत्पादक भरतात. जिथं सरकार हे करत नाही, तिथं संघटनेनं बाहेरचा तपासनीस नेमावा. पहिल्या वर्षी चार-दोन सदस्य रागावून जातील. गेलेले बरे.

चांगलं काम झालं त्याचीही नोंद हवी. २०१६ मध्ये नऊ डिस्टिलऱ्यांनी एकत्र येऊन अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्कीची व्याख्या कायद्यात यावी म्हणून मंडळ काढलं: फक्त माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, सगळं गाळणं एकाच डिस्टिलरीत, मुरवणं अमेरिकेतच, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको. केंद्राचा नियम जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आठ-नऊ वर्षं! स्वतःवर बंधनं घालून घेण्यासाठी इतकी चिकाटी दाखवणारे धंदेवाले विरळा, आणि तीच चिकाटी खोट्या लेबलाविरुद्ध दिसली तर मी या संघटनांचा उघड समर्थक होईन.

शेवटी पैशाबद्दल, ज्यावर संघटनांच्या सभांत कमी बोललं जातं. अशा संघटनांची तिजोरी सदस्यांच्या वर्गणीइतकीच बाटल्या, बुचं, पिंपं, तांब्याच्या भट्ट्या विकणाऱ्यांच्या प्रायोजकत्वावर आणि वार्षिक प्रदर्शनातल्या गाळ्यांच्या भाड्यावर भरते. भट्टी विकणाऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं ते नवं. ज्याच्याकडे भट्टी आहे तो दुसरी लवकर घेत नाही. म्हणून अशा मेळाव्यांत ‘डिस्टिलरी कशी सुरू करावी’ या वर्गाला सगळ्यात मोठं दालन मिळतं. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला छोट्या डिस्टिलऱ्या शंभराच्याही आत होत्या, वीस वर्षांत त्या दोन हजारांच्या वर गेल्या. त्यात या उत्साहाचा वाटा आहे. आता दारूचा खप उतरलाय, कर्ज महागलंय, गोदामं भरलेल्या पिंपांनी तुडुंब आहेत आणि डिस्टिलऱ्या दिवाळखोरीच्या अर्जांसह न्यायालयात जात आहेत. ओरेगॉनमधली वेस्टवर्ड ही अमेरिकन सिंगल माल्टमधली आघाडीची डिस्टिलरी २०२५ मध्ये तिथं पोचली.

तेव्हा त्याच मेळाव्यात, त्याच मोठ्या दालनात, ‘डिस्टिलरी कशी बंद करावी’ असाही वर्ग हवा. मुरत असलेली पिंपं कुणाला आणि काय भावानं विकायची, गोदामातल्या मालावरचा कर कधी अंगावर येतो, परवाना परत करताना कुठले हिशेब मिटवावे लागतात, घर तारण ठेवलं असेल तर बँकेशी कधी बोलायचं. त्या वर्गाला प्रायोजक मिळणार नाही. त्याचा खर्च वर्गणीतून करावा लागेल, आणि तो कुणी सुचवला तर वार्षिक सभेत हात किती वर जातात ते पाहायला मला आवडेल.